गेटबाहेर गेलेल्या मालात दोष सापडला तर: अणुवीज केंद्रासाठी काम करणाऱ्या कारखान्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्याच्या शॉपमध्ये तयार झालेली व्हॉल्व्ह बॉडी, पंपाची केसिंग किंवा कंट्रोल पॅनेल सहसा थेट अणुवीज केंद्रात जात नाही. मध्ये पुण्याची, हैदराबादची नाहीतर बेंगळुरूची मोठी कंपनी असते. ऑर्डर तिची, ड्रॉइंग तिचं, इन्स्पेक्टरही तिचाच. त्यामुळे दोष सापडला की पहिला प्रश्न पडतो, कळवायचं कुणाला? दुसरा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही: कळवायलाच हवं का?

कळवायला हवं, आणि कारण सापडायची वाट न बघता. टेबलावर पडलेला खराब पीस तुमच्या ताब्यात आहे, तो कुणाचं काही बिघडवत नाही. त्याच हीटचे (एकाच वेळी वितळवलेल्या धातूचे), त्याच गेजने मोजलेले, त्याच वेल्डरने जोडलेले जे पीस चार-सहा महिन्यांपूर्वी ट्रकमध्ये चढले, ते आज कुठे बसलेत हे शोधायचं असतं. ती यादी तुमच्या रजिस्टरात आहे, दुसऱ्या कुणाकडेही नाही. रिपोर्टचं मुख्य काम ती यादी योग्य माणसापर्यंत पोचवणं हे आहे. कारणाचा शोध मागाहून चालू राहतो.

काय कळवायचं

माल अजून शॉपमध्येच आहे आणि दोष दिसला, तर नेहमीचा एनसीआर (दोष नोंदवायचा फॉर्म) भरा, लाल होल्ड टॅग लावा आणि ग्राहकाचा निर्णय येईपर्यंत हात लावू नका. इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे ब्लो होल (कास्टिंगमधला वायूचा खड्डा) दिसला की वेल्ड भरून, ग्राइंड करून पुढे सरकवणं. साध्या कास्टिंगला चालून जात असेल, पण इथे वेल्ड रिपेअरला मंजूर पद्धत, पात्र वेल्डर, रिपेअरचा नकाशा आणि त्यानंतरची तपासणी लागते. मंजुरीविना भरलेला खड्डा हा मूळ खड्ड्यापेक्षा मोठा दोष धरला जातो, कारण तो आता दिसत नाही.

माल गेल्यावर उघडकीला येणारे दोष बहुधा डोळ्यांना दिसणारे नसतात. आपल्या भागात वारंवार होऊ शकणारे काही असे:

हीट ट्रीटमेंटच्या चार्टवर तुटलेली रेघ. सीएफ८एम जातीचं स्टेनलेस कास्टिंग एएसटीएम ए३५१ प्रमाणे किमान १०४० अंशांवर तापवून झपकन थंड करायचं असतं. मध्येच हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन गेली आणि भट्टी बंद राहून माल सावकाश थंड झाला, तर साधारण ८७० ते ४२५ अंशांच्या पट्ट्यात कार्बाइड कणांच्या सीमांवर जमतात आणि धातू तिथून गंजायला तयार होतो. कडकपणा मोजला तर ठीक येतो, टेन्साइलही पास होते. दोष फक्त चार्टवर दिसतो. म्हणून तुटलेली रेघ पेनाने जोडायची नाही आणि चार्ट फाडायचा नाही. पुन्हा सायकल दिली असेल तर दोन्ही चार्ट जोडून कळवायचं.

हायड्रोटेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) बोअरवेलचं पाणी. ऑर्डरमध्ये डीएम (क्षार काढलेलं) पाणी लिहिलेलं असतं, त्या दिवशी कॅन संपलेले असतात, कुणीतरी नळी लावतं. स्टेनलेसच्या सांध्यात आणि थ्रेडमध्ये क्लोराइड राहून जातं, आणि पुढे ताण व उष्णता मिळाली की त्यातून तडे सुरू होतात. टेस्ट पास झालेली असते, म्हणून कुणी बोलत नाही. क्लोरीन असलेली चिकटपट्टी, चुकीचा मार्कर आणि कार्बन स्टीलवर वापरलेलं ग्राइंडिंग व्हील स्टेनलेसवर फिरवणं, हेही कळवण्यासारखंच.

पावसाळ्यातला वेल्डिंग रॉड. ७०१८ रॉड ओव्हनमधून काढल्यावर चार तासांपेक्षा जास्त उघडा राहिला तर ओल धरतो. त्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि तडा तासांनी, कधी दोन दिवसांनी पडतो. वेल्ड गार झाल्याबरोबर केलेली डीपी टेस्ट (तडे दाखवणाऱ्या रंगाची चाचणी) तेव्हा काहीच दाखवत नाही. त्या दिवशी रॉड किती वेळ बाहेर होता याची नोंद नसेल, तर ती नोंद नसणं हाच दोष म्हणून लिहा.

वेल्डरची पात्रता. एएसएमई सेक्शन नऊप्रमाणे एखाद्या प्रोसेसवर सहा महिने काम केलं नाही तर त्या प्रोसेसची पात्रता संपते. टिग वेल्डिंग करणारा माणूस आठ महिने मिग या दुसऱ्या प्रोसेसवर होता आणि परत आल्यावर थेट टिगवर बसला, हे हजेरीपटावरून सापडतं.

आणि खोटे कागद. टेस्ट सर्टिफिकेटवर एकच हीट नंबर, पण केमिकलचे आकडे वेगळे. दोन सर्टिफिकेटांवर हुबेहूब सारखी, एकाच कोनातली सही. मोजमाप ठीक आलं तरी असा माल संशयितच. दक्षिण कोरियात २०१३ च्या मे महिन्यात कंट्रोल केबलचे चाचणी अहवाल बनावट निघाले तेव्हा चालू असलेल्या दोन अणुभट्ट्या बंद कराव्या लागल्या आणि आणखी दोन सुरू करता आल्या नाहीत. केबल अपघातात टिकली असती की नाही हे सिद्ध करणारा कागदच उरला नव्हता.

एक दोष जवळून: घासलेली मास्टर रिंग

डोळ्यांना काहीच वावगं दिसत नाही अशा दोषाचं हे उदाहरण. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.

बोअर (आतलं भोक) ४० एच७ आहे, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५ मिमी. डायल बोअर गेज रोज सकाळी ४० मिमीच्या मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या नमुना कड्यावर, शून्य केलं जातं. रिंग वार्षिक कॅलिब्रेशनला जाते आणि लॅबच्या रिपोर्टात ‘आली तेव्हाची स्थिती’ या रकान्यात ४०.००८ लिहून येतं. म्हणजे गेज जिथे ४०.००० म्हणत होतं तिथे खरा बोअर ४०.००८ होता. प्रत्येक वाचनात ०.००८ मिळवायचे. वाचन ४०.०१० असेल तर खरं माप ४०.०१८, पीस चांगला. वाचन ४०.०२० असेल तर खरं माप ४०.०२८, पीस बाहेर. रेघ ४०.०१७ वर ओढायची.

आता मागे कुठपर्यंत जायचं? रिंग हळूहळू घासली असणार, त्यामुळे सुरुवातीच्या पिसांत चूक कमी असेल. पण कोणत्या दिवशी किती घासली होती याचा पुरावा तुमच्याकडे नाही. म्हणून मागच्या चांगल्या कॅलिब्रेशनच्या तारखेपासून आजपर्यंतचा सगळा माल पूर्ण चुकीसह संशयित धरायचा. मध्येच कधी दुसऱ्या रिंगवर किंवा सीएमएमवर (अचूक मोजमापाच्या यंत्रावर) पडताळणी झाल्याची नोंद असेल तरच ती तारीख पुढे आणता येते.

इन-प्रोसेस रजिस्टर काढा. त्या काळात त्या रिंगवर मोजलेले सगळे बोअर लिहून काढा, समजा ४६ निघाले. ४०.०१७ च्या वर वाचन असलेले ९. त्यातले ३ अजून रॅकवर, ६ गेलेले. प्रत्येकाचा सिरीयल नंबर, चलन नंबर आणि तारीख लिहा. कळवताना ४६ च्या ४६ पाठवा, त्यांच्या वाचनासह. सहाच पाठवले तर तुम्ही ग्राहकाच्या वतीने निर्णय घेतलात, आणि तो घ्यायचा अधिकार तुमचा नाही. तीच रिंग दुसऱ्या कुठल्या ग्राहकाच्या ४० मिमीच्या बोअरला वापरली होती का, हेही बघा. ही गोष्ट हमखास राहून जाते.

बहुतेक शॉपमध्ये हा दोष उघडकीला येतच नाही, कारण रिंग परत आली की स्टिकरवरची तारीख बघतात आणि रिपोर्ट फाइलला लावतात. रिपोर्ट आल्या दिवशी तो ‘आली तेव्हाची स्थिती’ रकाना वाचायची जबाबदारी एका ठरावीक माणसावर टाका आणि त्याची सही घ्या.

पहिल्या दिवशी हाताने करायची कामं

संशयित माल वेगळ्या पिंजऱ्यात, कुलूप लावून. होल्ड टॅगवर कारण आणि तारीख. स्क्रॅपला काहीही पाठवू नका, स्पेक्ट्रोची (धातूच्या केमिकल तपासणीची) चकती आणि उरलेले टेस्ट बारसुद्धा.

काही तुटलं असेल तर तुटलेल्या पृष्ठभागाला बोट लावू नका, पुसू नका, तेल लावू नका. दोन तुकडे एकमेकांत बसवून बघण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरा, कारण त्यात तडा कुठून सुरू झाला हे सांगणाऱ्या बारीक रेषा चिरडतात. आधी फोटो घ्या, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. मग कोरड्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवा आणि पिशवीवर कुणी, केव्हा बंद केली ते लिहा.

ऑपरेटरने दोष पाहिला असेल तर त्याच दिवशी त्याच्याकडून चार ओळी लिहून घ्या, त्याच्या हातच्या. मराठीत लिहू दे की कन्नडमध्ये. सीमाभागातल्या शॉपमध्ये दोन्ही रजिस्टरं चालतात आणि त्यात काही गैर नाही. इंग्रजी मसुदा ऑफिसात करा, पण मूळ कागद जोडा. मसुदा करताना ‘मशीन जरा थरथरत होतं’ सारखी वाक्यं गळतात, आणि पुढे नेमकी तीच लागतात.

पत्रात काय लिहायचं

ऑर्डर नंबर आणि त्यातला आयटम नंबर. ड्रॉइंग नंबर, रिव्हिजनसह. पार्टचं नाव, सिरीयल आणि हीट नंबर. काय असायला हवं होतं आणि काय आढळलं, दोन्ही आकड्यांत. कसं, केव्हा, कुणाच्या लक्षात आलं. आणखी किती पीस संशयित आहेत, कुठे आहेत. तुम्ही आत्तापर्यंत काय थांबवलं. काय अजून माहीत नाही आणि ते कधी कळवाल. शेवटी एक नाव आणि फोन, असा माणूस जो रात्री अकरालाही उचलेल.

एक नमुना, वरच्या उदाहरणावरून:

‘मास्टर रिंग क्र. एमआर-४०-०२ कॅलिब्रेशनमध्ये ४०.००० ऐवजी ४०.००८ मिमी आढळली. या रिंगवर मागील कॅलिब्रेशनपासून ४६ बोअर मोजले. दुरुस्त मापानुसार ९ बोअर ४० एच७ च्या वरच्या मर्यादेबाहेर जातात; ३ आमच्याकडे होल्डवर, ६ पाठवलेले. सर्व ४६ ची यादी सिरीयल, वाचन, दुरुस्त माप आणि चलनासह सोबत. रिंग वापरातून काढली. रॅकवरच्या ३ पिसांचं सीएमएम माप परवापर्यंत कळवतो. रिंग केव्हापासून चुकीची होती हे अद्याप निश्चित नाही.’

पुरे. ‘किरकोळ’, ‘नगण्य’, ‘सुरक्षिततेवर परिणाम नाही’ हे शब्द खोडा. तुमची बॉडी फायर वॉटरच्या लाइनवर बसणार की जड पाण्याच्या सर्किटवर, हे तुम्हाला सांगितलेलं नसतं. परिणाम ठरवायला सुरक्षा वर्ग, दाब, तापमान, शेजारचं पर्यायी उपकरण हे सगळं लागतं आणि ते केंद्राकडे असतं. माफीही नको. चौकशीत ती कुणाच्या उपयोगाची नसते आणि आकड्यांची जागा खाते.

ड्रॉइंग किंवा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ऑर्डरमध्ये गोपनीयतेची अट असतेच. क्वालिटी विभागाच्या नेमून दिलेल्या ई-मेलवर पाठवा आणि पोच मागा.

कुणाला, किती वेळात

ऑर्डर देणाऱ्या कंपनीच्या क्वालिटी प्रमुखाला. खरेदी खात्याला नुसती प्रत. खरेदीच्या माणसाला डिलिव्हरीची तारीख गाठायची असते, त्याच्या टेबलावर हा कागद थांबू शकतो. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी फोन, दुसऱ्या दिवशी लेखी. ऑर्डरच्या क्वालिटी अटींत यापेक्षा कडक मुदत असेल तर ती पाळा. आयएसओ १९४४३ हे २०१८ चं मानक, म्हणजे अणुक्षेत्रातल्या पुरवठा साखळीचं क्वालिटी मानक, ऑर्डरमध्ये लागू केलेलं असेल तर संशयित आणि बनावट वस्तूंसाठीची तुमची पद्धतही लेखी असायला हवी.

तुम्ही पुढे ज्याच्याकडून काम करून घेता, तो हीट ट्रीटमेंटवाला, प्लेटिंगवाला, रॉड विकणारा, त्याच्या ऑर्डरमध्येही कळवण्याची अट तुम्हीच लिहायची. साखळी तिथेच सर्वात जास्त तुटते.

निर्यातीच्या ऑर्डरवर ‘१० सीएफआर पार्ट २१’ लिहिलेलं असेल तर तो अमेरिकेचा नियम ऑर्डरच्या अटीतून तुमच्यापर्यंत आलेला असतो. त्यात दोष सापडल्यापासून ६० दिवसांत मूल्यमापन पूर्ण करायचं असतं, नाही झालं तर त्याच ६० दिवसांत अंतरिम अहवाल. मूल्यमापन संपल्यावर ५ कामकाजाच्या दिवसांत जबाबदार अधिकाऱ्याला, त्याला कळल्यापासून २ दिवसांत अमेरिकी नियामकाला पहिली सूचना, आणि ३० दिवसांत लेखी. मूल्यमापन करण्याची तुमची कुवत नसेल तर तसं ग्राहकाला लगेच कळवणं हाच मार्ग.

पॅनेल आणि सॉफ्टवेअर

लोखंडाच्या दोषापेक्षा सॉफ्टवेअरचा दोष एका बाबतीत जास्त घातक आहे. अणुभट्टी बंद करणाऱ्या यंत्रणेत तीन वाहिन्या असतात आणि तीनपैकी दोघींनी सांगितलं की कृती होते. एक व्हॉल्व्ह खराब निघाला तर बाकीचे चांगले असू शकतात. तिन्ही वाहिन्यांत एकच प्रोग्राम असेल तर तिघी एकाच क्षणी, एकाच तऱ्हेने चुकतील. म्हणून एका पॅनेलवर दिसलेली चूक तिन्हीची समजून कळवायची.

‘रीस्टार्ट केला, ठीक झालं’ हे वाक्य घात करतं. वीज बंद करायच्या आधी डायग्नोस्टिक बफर आणि अलार्म लॉग उतरवून घ्या. बऱ्याच कंट्रोलरमध्ये तो पुसला जातो किंवा त्यावर नवं लिहिलं जातं. स्क्रीनचा फोटो काढा. कंट्रोलरचं घड्याळ आणि खरं घड्याळ यांतला फरक लिहा, नाहीतर तुमच्या आणि केंद्राच्या नोंदी जुळत नाहीत. रिपोर्टमध्ये हार्डवेअरची रिव्हिजन, फर्मवेअरची आवृत्ती, अ‍ॅप्लिकेशनची आवृत्ती आणि त्याचा चेकसम (फाइल बदलली नाही हे पडताळायचा आकडा), चारही हवेत. ‘लेटेस्ट व्हर्जन’ हे उत्तर नव्हे.

चूक पुन्हा घडवता येते का ते सिम्युलेटरवर किंवा टेस्ट बेंचवर बघा आणि पायऱ्या क्रमाने लिहा. घडवता आली नाही तरी कळवा. काही चुका वेळेवर अवलंबून असतात. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी भरून शून्यावर येतो. तोच चिन्हासह असेल तर २४.८ दिवसांनी उणे आकडा दाखवतो. पॅनेल दोन आठवडे टेस्टवर ठेवलं तर हे कधीच दिसणार नाही. आणि केंद्रं थांबत नाहीत: घाटाखाली काळी नदीकाठच्या कैगा अणुवीज केंद्राचं पहिलं युनिट ३१ डिसेंबर २०१८ ला थांबलं तेव्हा ते सलग ९६२ दिवस चाललं होतं.

नेटवर्कचीही तीच गोष्ट. अमेरिकेत ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या युनिटवर ऑगस्ट २००६ मध्ये प्लांटच्या नेटवर्कवर डेटाचा पूर आला, पंपांच्या व्हीएफडीचे (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचे) कंट्रोलर बंद पडले आणि ऑपरेटरना अणुभट्टी हाताने बंद करावी लागली. तुमचा ड्राइव्ह किंवा पीएलसी नेटवर्कवर नको तेवढा डेटा आल्यावर काय करतो हे बेंचवर तपासलेलं नसेल, तर ते तसं लिहून द्या.

दुरुस्ती तयार आहे म्हणून सर्व्हिस व्हिजिटमध्ये गुपचूप लोड करू नका, चार ओळींचा बदल असला तरी. त्या क्षणापासून केंद्रात बसलेला प्रोग्राम आणि मंजूर झालेला प्रोग्राम वेगळे होतात आणि कुणालाही ते माहीत नसतं. प्रोग्रामिंगच्या लॅपटॉपवर व्हायरस सापडला तर तो लॅपटॉप शेवटचा कोणकोणत्या पॅनेलला जोडला होता याची यादी द्या. सायबर घटना सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) कळवायची मुदत एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लक्षात आल्यापासून सहा तासांची आहे, आणि ते निर्देश खासगी कंपन्यांनाही लागू आहेत. ग्राहकाला कळवणं त्याशिवाय वेगळं.

मधली कंपनी बसून राहिली तर

असं होतं. फोनवर ‘बघतो’ म्हणतात, लेखी काही येत नाही, आणि पुढची डिलिव्हरी मागतात. एकदा लेखी स्मरण द्या, त्यात उत्तराची तारीख टाका, आणि त्या आयटमचं पुढचं डिस्पॅच थांबवा. ऑर्डरमध्ये अंतिम ग्राहकाच्या क्वालिटी विभागाला तुमच्या शॉपमध्ये तपासणीचा हक्क दिलेला असेल, तर त्याच विभागाला लिहायचा रस्ता उघडा असतो. त्यांचा इन्स्पेक्टर शॉपमध्ये येत असेल तर पत्राची प्रत त्याच्या हातात द्या. तरीही काही हललं नाही तर अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, मुंबईत अणुशक्तीनगरच्या नियामक भवनात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाला अणुवीज केंद्राच्या सुरक्षिततेबद्दल कुणीही लिहू शकतं.

बनावट सर्टिफिकेटामागे सरकारी अधिकाऱ्याची मिलीभगत असल्याचा संशय असेल तर केंद्रीय दक्षता आयोगाकडे पिडपी (माहिती देणाऱ्याला संरक्षण देणारी तक्रार-व्यवस्था, इंग्रजीत PIDPI) खाली तक्रार करता येते. लिफाफा बंद हवा, वर ‘PIDPI’ लिहायचं, पाठवणाऱ्याचं नाव लिफाफ्यावर नको, आत हवं. निनावी तक्रार तिथे घेतली जात नाही. आत दिलेलं नाव गुप्त ठेवलं जातं.

कामगाराला मालकाशी बोलायची धास्ती असते हे खरं आहे, आणि छोट्या शॉपमध्ये मालक हाच क्वालिटी प्रमुख असतो हेही खरं. मालकांनी एक गोष्ट करावी: दोष सांगणाऱ्याच्या पगारातून, बोनसमधून किंवा ओव्हरटाइममधून स्क्रॅपची रक्कम कधीही कापू नये. एकदा कापली की पुढचा तडा ग्राइंडरखाली जातो.

पुढे केंद्रात काय होतं

तुमच्या यादीवरून ते स्टोअरमधला माल वेगळा काढतात, बसलेला माल शोधतात, आणि प्रत्येकाबाबत ठरवतात: बदलायचा, तपासून ठेवायचा, की कारण नोंदवून आहे तसा वापरायचा. महत्त्वाची घटना असेल तर नियामकाकडे जाते, आणि देशोदेशीच्या केंद्रांना उपयोगी असेल तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अनुभव-नोंदींतही.

हे वेळेवर झालं नाही की काय होतं ते उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात दिसलं. ३१ मार्च १९९३ ला पहिल्या युनिटच्या टर्बाइनची पाती धातू शिणून तुटली, कंपनाने हायड्रोजन आणि तेल बाहेर आलं, आग लागली, केबल जळाल्या आणि केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिलं. तशा पात्यांत तडे जातात ही सूचना परदेशातल्या मूळ रचनाकाराकडून आधीच आली होती, पण तिच्यावर वेळेत काही झालं नाही, असं नियामक मंडळाच्या एका माजी अध्यक्षांनी पुढे लिहिलं.

म्हणून तुमच्या बाजूने प्रकरण बंद करण्याआधी ग्राहकाकडून तीन गोष्टी लेखी घ्या: यादीतल्या प्रत्येक सिरीयल नंबरचं काय ठरलं, होल्डवरच्या मालाचं काय करायचं, आणि नमुने व कागद किती वर्षं ठेवायचे. एखाद्या सिरीयल नंबरपुढे उत्तर कोरं आलं तर एनसीआर उघडाच ठेवा आणि दर पंधरवड्याला त्याबद्दल विचारत राहा.